मेंटेनन्स खात्यात पहिलं पाऊल: मराठवाड्यातल्या कारखान्यांत मशीन मेकॅनिक म्हणून लागताना

आयटीआय झाला, फिटरचा नाहीतर मेकॅनिक मशीन टूल मेंटेनन्सचा दाखला हातात आला आणि गावातल्या कोणीतरी सांगितलं, "वाळूजला ये, लावून देतो." मीही याच वाटेने आलो आणि बरीच वर्षं मेंटेनन्समध्येच आहे. दरवर्षी बीड, हिंगोली, परभणी, नांदेडकडून नवी पोरं येतात आणि त्याच त्या गोष्टींत अडकतात. पगारपत्रक कळत नाही, ठेकेदार कोण ते माहीत नसतं, आणि पहिल्याच ब्रेकडाउनला घाईघाईत मशीनमध्ये हात घालतात. ते टळावं म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधी समजून घ्या. प्रॉडक्शनवाल्याचं काम मशीन चालू असताना चालतं, आपलं काम मशीन बंद पडल्यावर सुरू होतं. गार्ड काढलेलं, दरवाजा उघडा, तेल सांडलेलं, आणि मागे साहेब घड्याळ बघत उभे. म्हणजे मशीन सगळ्यात धोक्याचं असतं तेव्हाच घाईही सगळ्यात जास्त असते. अवेळी आलेला फोन, बुडालेला रविवार, ओटीचे (ओव्हरटाइमचे) वाद, अपघात, या कामातलं बहुतेक सगळं या घाईतून येतं. खालची प्रत्येक पायरी या घाईपासून स्वतःला वाचवण्यासाठी आहे.

## १. कुठल्या कारखान्यात जायचं ते आधी ठरवा

"मिळेल तिथं लागू" असं म्हणून निघू नका. काम एकच असलं तरी परिस्थिती फार वेगळी असते.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा (छत्रपती संभाजीनगरच्या आसपास): १९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्याभोवती प्रेस शॉप, मशीन शॉप, डाय कास्टिंग, रबर आणि प्लास्टिकचे सप्लायर उभे राहिले. इथे सीएनसी आणि व्हीएमसी (संगणकावर चालणारी कटिंग मशीनं), पॉवर प्रेस, इंजेक्शन मोल्डिंग, एसपीएम (एकाच कामासाठी बनवलेलं खास मशीन) असं सगळं बघायला मिळतं. शिकायला याच्याइतकी चांगली जागा मराठवाड्यात दुसरी नाही. पण माल वेळेवर गेला नाही तर पुढच्या कंपनीची लाईन थांबते, त्यामुळे मेंटेनन्सवर दडपण कायम. औषध कंपन्यांत जागा स्वच्छ आणि परमिटची (कामाच्या लेखी परवानगीची) शिस्त कडक, मात्र लिखापढी खूप. पाना कमी आणि पेन जास्त चालवावा लागतो.

जालना: भंगार वितळवून बिलेट (लोखंडाचे ओतीव ठोकळे) आणि बिलेटपासून सळई. इथलं काम भारी आहे, गिअरबॉक्स, कपलिंग, रोल स्टँड, शिअर. यांत्रिक काम पक्कं शिकायचं असेल तर इथं दोन-तीन वर्षं काढलेला माणूस कुठेही कमी पडत नाही. पण उष्णता जीवघेणी. मे महिन्यात बाहेरच पारा चाळिशी ओलांडतो, भट्टीजवळ काय होत असेल याचा विचार करा. भंगारात ओलावा किंवा बंद तोंडाचा डबा, सिलिंडर गेला तर भट्टीत स्फोट होतो. म्हणून मुलाखतीला गेलात की भंगार निवडायला वेगळी माणसं आहेत का आणि भट्टीजवळ मेंटेनन्सला कधी बोलावतात, हे विचारा.

साखर कारखाने (बीड, धाराशिव, लातूर, परभणी, नांदेड, जालना): इथं वर्षाचे दोन भाग. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत आणि नंतर ऑफ सीझन. हंगामात मिल हाऊसमध्ये काही बिघडलं की बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते, त्यामुळे दुरुस्ती होईपर्यंत घरी जाणं विसरा. ऑफ सीझनमध्ये मिल उघडून रोलर, बेअरिंग, पंप, ज्यूस हीटर सगळं खोलून बसवायचं, खरं शिक्षण तेव्हाच होतं. लागताना तीन प्रश्न विचारा. तुम्ही हंगामी की कायम? हंगामी असाल तर ऑफ सीझनमध्ये रिटेन्शन भत्ता (काम नसलेल्या महिन्यांत मिळणारा पगाराचा ठरावीक भाग) मिळतो का? आणि मागचा हंगाम किती दिवस चालला? पाऊस कमी झाला की आपल्याकडे ऊस कमी, हंगाम लवकर आटपतो आणि त्याचा फटका हंगामी माणसाला बसतो.

लातूर आणि तालुक्याच्या ठिकाणच्या डाळ मिल, तेल मिल, जिनिंग: मालक ओळखीचा, घर जवळ, पण मेकॅनिक एकच. यांत्रिक, विजेचं, वेल्डिंग, सगळं तुमच्याच अंगावर. पट्टे-पुली उघड्या असतात, धूळ खूप. पहिली नोकरी म्हणून मी इथं जा असं सांगणार नाही, कारण चुकीचं काय ते दाखवणारं सीनियर माणूस सोबत नसतं.

## २. कागदपत्रांची फाइल तयार ठेवा

लागणारी कागदं:

- दहावीचं गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला
- आयटीआयची सर्व गुणपत्रकं आणि नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट
- अप्रेंटिसशिप केली असेल तर नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट
- आधार, पॅन, बँक पासबुक
- आधी कुठं काम केलं असेल तर यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) आणि ईएसआयचा (कामगार राज्य विमा योजनेचा) विमा क्रमांक
- पासपोर्ट फोटो आणि बऱ्याच ठिकाणी पोलीस चारित्र्य पडताळणी

सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती नावात. बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पॅनवर वडिलांचं नावच गायब, आणि बँकेत स्पेलिंग चौथंच. यामुळे पीएफची केवायसी होत नाही आणि पैसे काढायची वेळ आली की दोन-दोन महिने सायबर कॅफेच्या चकरा. गाव सोडण्याआधीच आधार, पॅन आणि बँकेत नाव, जन्मतारीख अगदी एकसारखी करून घ्या. मोबाइल नंबर आधारला जोडलेला आणि तुमच्या स्वतःच्या हातातला असू द्या, चुलत्याचा नको.

मूळ प्रमाणपत्रं कोणालाही ठेवायला देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या आणि परत घ्या. "सहा महिने टिकलास तर ओरिजिनल देतो" म्हणणाऱ्या ठेकेदाराकडे लागूच नका. नोकरी लावून देण्यासाठी पैसे मागणाऱ्यांनाही एक रुपया देऊ नका, मग ते डिपॉझिट म्हणोत, युनिफॉर्मचे म्हणोत की "साहेबांचे". एमआयडीसीत गेटवर जाऊन, बोर्ड वाचून, सीव्ही देऊन आजही काम मिळतं. मेंटेनन्सच्या माणसाला तर नक्कीच.

## ३. कोणाच्या रोलवर लागताय, हे कागदावर बघा

गेटवर कंपनीचं नाव असतं, पण तुमचा मालक कोण ते नियुक्तिपत्रावर लिहिलेलं असतं. चार प्रकार आहेत.

अप्रेंटिस: अप्रेंटिसेस ॲक्ट, १९६१ खाली सरकारच्या पोर्टलवर करार नोंदवलेला असतो. स्टायपेंड मिळतं, पीएफ-ईएसआय नसतं, आणि शेवटी परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळतं, जे पुढे कामाला येतं. अप्रेंटिसला परवानगीशिवाय ओटी लावता येत नाही. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकाची.

ट्रेनी: हा शब्द फसवा आहे. काही कंपन्या खरंच शिकवतात. काही ठिकाणी मात्र ट्रेनी म्हणून घेतात आणि पहिल्या दिवसापासून पूर्ण शिफ्ट चालवून घेतात. पोर्टलवर करार क्रमांक आहे का, एवढा एकच प्रश्न विचारा. नसेल तर तुम्ही अप्रेंटिस नाही, कामगार आहात आणि पीएफ-ईएसआय लागू झालं पाहिजे.

ठेकेदाराकडचा: बहुतेकांची सुरुवात इथूनच होते. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे लक्षात ठेवा. म्हणून ज्या कंपनीत काम करता तिचा गेटपास, हजेरीचा फोटो, शिफ्टचं शेड्यूल मोबाइलमध्ये जपून ठेवा.

फिक्स्ड टर्म किंवा कायम: मुदतीचा करार असला तरी नव्या कामगार संहितेनुसार एक वर्ष पूर्ण झालं की त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांनी नियुक्तिपत्र देणं सगळ्यांसाठी बंधनकारक केलं. त्यामुळे "आपल्याकडे लेटर देत नाहीत" हे उत्तर आता चालत नाही. पत्रात हुद्दा काय लिहिलाय ते नीट वाचा. किमान वेतन कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा वर्गवारीने ठरतं. आयटीआय झालेल्या फिटरला "हेल्पर" म्हणून लावलं की तो अकुशलमध्ये जातो आणि दर महिन्याला पैसे कमी मिळतात. पुढे अनुभवपत्रावरही "हेल्पर"च येतं आणि दुसऱ्या कंपनीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सही करायच्या आधीच हे बदलून मागा.

## ४. पहिला आठवडा: पाना हातात घेण्याआधी फिरून बघा

पहिल्या आठवड्यात कोणी फारसं काम सांगत नाही. तो वेळ वाया घालवू नका. शॉपमधल्या प्रत्येक मशीनचा मेन आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) कुठे आहे, हवेचा वॉल्व कुठे, पाण्याचा कुठे, ते बघून वहीत लिहा. फर्स्ट एड पेटी, अग्निशामक, स्ट्रेचर, बाहेर पडायचे दरवाजे. रात्री लाईट गेली तर अंधारात कुठून जाल ते चालून बघा.

मशीनची जुनी लॉगबुकं वाचा. कुठलं मशीन दर महिन्याला त्याच कारणाने बंद पडतं ते कळतं आणि सीनियरला प्रश्नही चांगले विचारता येतात. आणि ऑपरेटरशी ओळख वाढवा. मशीनचा आवाज बदललेला त्याला आधी कळतो. "भाऊ, कालपासून काही वेगळं वाटतंय का?" एवढं विचारलं की निम्मा बिघाड सापडतो. जो नवा मेकॅनिक ऑपरेटरवर गुरकावतो, त्याला कोणीच काही सांगत नाही.

## ५. मशीनमध्ये हात घालण्याआधी

बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

समजा पॉवर प्रेसवर काम आहे. घाईतल्या शॉपमध्ये काय होतं? ऑपरेटर लाल बटण दाबतो आणि मेकॅनिक आत वाकतो. लाल बटणाने कंट्रोल बंद होतो, मशीनमधली शक्ती तशीच राहते. योग्य क्रम असा:

ऑपरेटर आणि शिफ्ट इनचार्ज दोघांना तोंडी सांगा की तुम्ही मशीन घेताय. स्लाइड (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) खाली आणा, नाहीतर सेफ्टी ब्लॉक (तो खाली पडू न देणारा आधार) लावा. मोटर बंद करा आणि फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत थांबा. मोटर बंद झाल्यावरही ते बराच वेळ फिरत राहतं. मेन आयसोलेटर पाडा आणि त्याला तुमचं स्वतःचं कुलूप लावा. किल्ली तुमच्याच खिशात. टॅगवर नाव, वेळ, मोबाइल नंबर. हवेचा वॉल्व बंद करून लाईनमधली हवा सोडा, "फुस्स" आवाज पूर्ण थांबेपर्यंत. हायड्रॉलिक असेल तर ॲक्युम्युलेटरचं (दाबाखालचं तेल साठवणाऱ्या टाकीचं) प्रेशर सोडून गेज शून्यावर आलेला डोळ्यांनी बघा. पॅनेलमध्ये ड्राइव्ह (मोटरचा वेग ठरवणारं उपकरण) असेल तर त्याच्या झाकणावर किती मिनिटं थांबायचं ते लिहिलेलं असतं, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. तेवढं थांबा आणि मग मल्टीमीटरने तपासा. शेवटी स्टार्टचं बटण दाबून बघा. काहीच हललं नाही, तरच हात आत.

दोघे-तिघे एकाच मशीनवर असाल तर हॅस्प (अनेक कुलपं लावता येणारी पट्टी) लावून प्रत्येकाचं वेगळं कुलूप. काम अर्धवट असताना शिफ्ट बदलली तर तुमचं कुलूप काढण्याआधी येणाऱ्याचं कुलूप लागलं पाहिजे. दुसऱ्याचं कुलूप तोडायचं नाही, मग तो घरी निघून गेला असला तरी. फोन करा, इनचार्जला बोलवा. कंपनी कुलूप देत नसेल तर लेखी मागा. मिळेपर्यंत स्वतःचं एक साधं कुलूप घेऊन ठेवा. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे.

या सापळ्यांत नवे मेकॅनिक हमखास सापडतात:

"दोनच मिनिटांचं काम आहे." बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत. मोठ्या ओव्हरहॉलिंगमध्ये कोणाची गेली नव्हती, सेन्सर सरळ करताना, अडकलेला पीस काढताना गेली होती. मोठ्या कामाला सगळे सावध असतात.

इंटरलॉक (दरवाजा उघडला की मशीन थांबवणारा स्विच) बायपास. दरवाज्याच्या स्विचला चुंबक चिकटवलेला, नाहीतर वायर जंपर केलेली दिसेल. "आत्तापुरतं" म्हणून केलेलं ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. तुमच्या हातून असा जंपर लागू देऊ नका, आणि दिसला तर लॉगबुकात लिहा.

हायड्रॉलिकची बारीक गळती हाताने चाचपणं. टाचणीएवढ्या छिद्रातून उडणारं तेल कातडीत घुसतं. बाहेरून फक्त एक ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत हात सुजतो. गळती पुठ्ठ्याने शोधा. असं काही झालंच तर लगेच दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना "हाय प्रेशर तेल आत गेलंय" हे स्पष्ट सांगा, नाहीतर साधं ड्रेसिंग करून घरी पाठवतात.

फिरत्या शाफ्टजवळ हातमोजे. ड्रिल, लेथ, फिरती चक यांच्याजवळ मोजा ओढला जातो आणि त्याबरोबर हात. तसंच मनगटाचा लाल दोरा, कडं, अंगठी, गळ्यातला रुमाल. तुळशीची माळ असेल तर बनियनच्या आत घट्ट ठेवा. चालू मशीनला ऑइलिंग किंवा तपासणी करणारा माणूस खास शिकवलेला, अंगाबरोबर बसणारे कपडे घातलेला आणि रजिस्टरमध्ये नाव नोंदलेलाच असावा, ही शिस्त १९४८ च्या कारखाने कायद्याने लावली होती. उगाच नव्हती लावली.

टाकी, पिट, ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरणाची जागा). मळीची टाकी, ज्यूस टँक, सांडपाण्याचा खड्डा, यांत परमिट, गॅस तपासणी आणि बाहेर दोरी धरलेला माणूस असल्याशिवाय उतरू नका. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचंच नाही. आणि आत कोणी कोसळला तर त्याला काढायला तसंच आत उडी मारू नका. साखर कारखान्यांत एकामागोमाग एक माणसं जातात ती अशीच.

चेन ब्लॉक आणि स्लिंग. त्यावर एसडब्ल्यूएल, म्हणजे किती टन उचलायचं ते कोरलेलं असतं. आकडा पुसला गेलाय किंवा हुकाची पट्टी तुटलीय, तर ते वापरू नका. उचलण्याच्या साधनांची वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी व्हावी लागते, तिची तारीख बघा. उचललेल्या वजनाखाली कोणीही नको.

ग्राइंडरबद्दल थोडक्यात: डिस्कवर लिहिलेला आरपीएम ग्राइंडरच्या आरपीएमपेक्षा कमी नको, गार्ड काढायचं नाही, मुदत संपलेली डिस्क टाकून द्यायची.

एवढं सगळं करताना मागून कोणीतरी म्हणेलच, "अरे, किती वेळ?" तेव्हा गप्प राहू नका आणि भांडूही नका. "साहेब, लॉक लावून चेक करतोय, वीस मिनिटं लागतील," असं वेळ सांगून मोकळं व्हा. साहेबालाही वर उत्तर द्यायचं असतं, त्याला वेळ कळली की तो शांत होतो. हे वाक्य मी नव्या पोरांकडून मुद्दाम बोलून घेतो, कारण ऐन वेळी ते तोंडातून निघत नाही.

## ६. पाने आणि अंगावरची साधनं

कंपनी टूल किट देते, पण ते तीन शिफ्टमध्ये फिरतं आणि नेमका १३-चा पाना गायब असतो. स्वतःचं थोडं ठेवा: रिंग आणि फिक्स पान्यांचा सेट, एलन की, दोन स्क्रू ड्रायव्हर, सर्क्लिप प्लायर, फीलर गेज, चांगला मल्टीमीटर, टॉर्च. नाव कोरून ठेवा आणि गेटवर नोंद करा, नाहीतर बाहेर नेताना सिक्युरिटी अडवते. व्हर्निअर, डायल गेज, बेअरिंग पुलर, इंडक्शन हीटर कंपनीचंच वापरा.

सेफ्टी शूज, हेल्मेट, गॉगल, इअर प्लग, कामाप्रमाणे हातमोजे, हे मालकाने फुकट द्यायचं असतं. पगारातून कापत असतील तर ते चुकीचं आहे. भट्टीजवळ आणि वेल्डिंगला सुतीच कपडे. पॉलिस्टर वितळून अंगाला चिकटतं. कानांकडे सगळे दुर्लक्ष करतात. आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे. शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत असेल तर प्लग लावायची वेळ झालीय. प्रेस शॉपमध्ये वर्षानुवर्षं उघड्या कानांनी काम केलेल्यांना घरी टीव्ही मोठा लावावा लागतो, आणि गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

जालन्याच्या मिलमध्ये उन्हाळ्यात: तहान लागायची वाट न बघता पाणी, सोबत ओआरएस किंवा मीठ-साखरेचं पाणी. चक्कर, मळमळ, बडबड आणि तापलेलं अंग दिसलं तर त्या माणसाला सावलीत नेऊन अंगावर पाणी मारा आणि दवाखान्यात हलवा. "जरा बसू दे, बरं वाटेल" म्हणून सोडू नका.

## ७. शिफ्ट, ओटी आणि बुडालेला रविवार

आठवड्याला ४८ तास, त्यावर केलेलं काम ओटी, आणि ओटीचा दर दुप्पट. नव्या संहितेतही दुप्पटच आहे आणि ओटीसाठी कामगाराची संमती लागते.

आपल्या कामात खास अडचण अशी की प्रॉडक्शनला सुट्टी असते तेव्हाच मशीन मोकळं मिळतं. त्यामुळे साप्ताहिक सुट्टी आणि दिवाळीचं शटडाउन हेच मेंटेनन्सचे कामाचे दिवस. सुट्टीला बोलावलं तर बदली सुट्टी त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत मिळाली पाहिजे. ही बदली सुट्टी, म्हणजे सी-ऑफ, तोंडी ठेवू नका, त्या दिवशीच रजिस्टरला किंवा मेसेजवर नोंदवून घ्या. एका कंपनीत माझ्या सोबतच्यांचे साठलेले सी-ऑफ सुपरवायझर बदलल्यावर सरळ बुडाले. नोंद कुठेच नव्हती.

डबल शिफ्ट करून तिसऱ्या शिफ्टलाही थांबायला सांगतील, "फक्त तुलाच हे मशीन कळतं" असं म्हणून. कौतुक ऐकून बरं वाटतं, पण सोळा तासांनंतर डोकं चालत नाही. नाही म्हणा. आणि तशा अवस्थेत रात्री नगर रोडवरून गाडी चालवत खोलीवर जाऊ नका, कंपनीतच झोपा.

खोली घेताना रांजणगाव, बजाजनगर, जोगेश्वरीकडे स्वस्तात पत्र्याच्या खोल्या मिळतात. नाईट शिफ्ट करून एप्रिलमध्ये पत्र्याखाली दुपारी झोप लागत नाही, आणि न झोपलेला मेकॅनिक स्वतःला आणि सोबतच्याला धोका असतो. तीन-चारशे रुपये जास्त गेले तरी स्लॅबची, खालच्या मजल्यावरची खोली बघा आणि शक्यतो एकाच शिफ्टचे जोडीदार घ्या.

आता मुलीही मेंटेनन्सला येतात. त्यांनी नाईट शिफ्टला संमती विचारली जाते का, येण्याजाण्याची गाडी आहे का आणि कपडे बदलायची वेगळी खोली आहे का, हे आधी बघावं.

## ८. पगारपत्रक वाचायला शिका

एक नमुना धरू. महिन्याचा पगार १८,२०० रुपये, त्यातलं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १३,०००.

- पीएफ: १३,००० च्या १२ टक्के, म्हणजे १,५६०. तेवढाच वाटा मालकाचा.
- ईएसआय: १८,२०० च्या ०.७५ टक्के, म्हणजे १३७. मालकाचे ३.२५ टक्के वेगळे. २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना हे लागू.
- व्यवसाय कर: महाराष्ट्रात १०,००० च्या वर पगार असलेल्या पुरुषांना महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००.
- ओटी: १८,२०० भागिले २६ दिवस म्हणजे ७००, भागिले ८ तास म्हणजे तासाला ८७.५०. दुप्पट केलं की १७५. चार तास थांबलात तर ७०० रुपये.

ओटी "इन्सेंटिव्ह" या नावाने सिंगल दराने दिलेला दिसला तर विचारा. दोन्हीकडचा पीएफ तुमच्याच पगारातून कापलेला दिसला तरीही विचारा, काही ठेकेदार तसं करतात. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत यायला हवा. पीएफचं पासबुक दर महिन्याला मोबाइलवर उघडून बघा. पगारातून कापलेला पीएफ भरलेलाच नाही, असं निघतं. आणि ठेकेदार बदलला की नवा यूएएन काढू देऊ नका, जुनाच द्या. एकाच माणसाचे तीन-तीन यूएएन झाले की पैसे एकत्र करताना नाकीनऊ येतात.

## ९. लागलं, कापलं, पडलो तर

आधी उपचार. त्यानंतर त्याच दिवशी हे करा: अपघात रजिस्टरमध्ये नोंद झालीय का ते बघा, वेळ-ठिकाण-साक्षीदार बरोबर आहेत का ते वाचा, मोबाइलमध्ये फोटो घ्या. ईएसआयला अपघाताचा अहवाल मालकाने पाठवायचा असतो, तो गेला का ते विचारा.

मोठा सापळा इथे आहे. काही ठिकाणी खासगी दवाखान्यात नेतात, बिल भरतात आणि म्हणतात, "घरी पडलो असं सांग, पगार चालू ठेवू." ऐकू नका. कामावरच्या दुखापतीला ईएसआयचं संरक्षण पहिल्या दिवसापासून असतं, बरे होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के मिळतात, आणि बोट किंवा डोळा कायमचा गेला तर मेडिकल बोर्डाने ठरवलेल्या टक्केवारीप्रमाणे आयुष्यभर रक्कम मिळते. "घरी पडलो" लिहिलं की यातलं काहीच मिळत नाही. लागल्याच्या दिवशी माणूस घाबरलेला असतो, म्हणून सोबत्यानेच हे सांभाळायचं असतं.

म्हणून लागल्या लागल्या पहिल्या महिन्यातच ईएसआयचं कार्ड काढा आणि घरच्यांची नावं त्यात घाला. चिकलठाण्याला ईएसआयचं रुग्णालय आहे. जवळचा दवाखाना कोणता लावलाय ते कार्डावर बघा. पगार २१,००० च्या वर असेल आणि ईएसआय नसेल, तर भरपाई मालकाने द्यायची असते.

कंपनीत ऐकलं नाही तर दोन दरवाजे. सुरक्षेची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, पगार-ओटीची कामगार उपायुक्त किंवा सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे. दोन्ही कार्यालयं छत्रपती संभाजीनगरला आहेत. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर पोचचा शिक्का घ्या. युनियन असेल तर आधी तिच्या माणसाशी बोला, पुष्कळ गोष्टी तिथेच सुटतात.

## १०. नोकरी बदलताना

दोन-तीन वर्षांत चांगली संधी येतेच. राजीनामा लेखी किंवा मेलने द्या, नोटीस पूर्ण करा. फोन बंद करून गावाकडे निघून जाऊ नका, तसं केलं की शेवटचा हिशेब आणि अनुभवपत्र दोन्ही अडकतं. बाहेर पडताना हे घ्या:

- रिलिव्हिंग लेटर आणि अनुभवपत्र, त्यावर हुद्दा "फिटर" किंवा "मेंटेनन्स टेक्निशियन" असा बरोबर लिहिलेला
- शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रकं
- उरलेल्या रजेचा आणि सी-ऑफचा हिशेब
- पीएफ पोर्टलवर बाहेर पडल्याची तारीख भरली आहे का त्याची खात्री

शेवटची तारीख भरलेली नसेल तर पीएफ काढताना अडतं, आणि ठेकेदार बदललेला किंवा बंद झालेला असेल तर ती भरून घ्यायला फार फिरावं लागतं. म्हणून हिशेबाच्या दिवशीच एचआरच्या टेबलासमोर मोबाइल उघडून ते बघा. पीएफ काढू नका, नव्या ठिकाणी ट्रान्सफर करा. आणि तुमचं कुलूप टूल रूमला जमा केलं नसेल तर सोबत घेऊन जा, पुढच्या कंपनीत पहिल्या दिवसापासून लागणार आहे.